तपासून पाहण्याचे शास्त्र : गणिताचे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी

(पिशोर येथे गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाने मला बोलण्याचे निमंत्रण दिले आणि विषय माझ्यावरच सोपविला. अशा प्रसंगी एखाद्या थोर नेत्याचे किंवा संताचे चरित्र सांगण्याची आपली पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु आज मी आपल्यापुढे एका गणिताच्या प्राध्यापकाविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी जवळजवळ १२ वर्षे गणित शिकविले. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल, त्यांची 'भगवान बुद्ध' आणि 'बुद्ध, धर्म आणि संघ' ही पुस्तके काहींच्या घरीही असतील. मुलाचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

आपण विचाराल की, हा माणूस बँकेत कारकून, शिकला कला शाखेत, मग याने गणितावर का बोलावे? प्रश्न रास्त आहे. वरच्या दर्जाचे गणित मला येत नाही आणि ते मी सांगणारही नाही. पण २० वर्षे काउंटरवर बसून मी एक गोष्ट रोज पाहतो. हिशोब ज्याला येतो तो मान वर करून बोलतो, आणि ज्याला येत नाही तो दुसरा सांगेल त्या जागी अंगठा नाहीतर सही करतो. म्हणून आजचा विषय.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. कारण हा प्राध्यापक कसा घडला हे समजायचे असेल तर त्यांच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. घरी नारळाची बाग होती. शाळेचे शिक्षण थोडेच झाले आणि लहान वयातच बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. 'बालबोध' या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि या माणसाने नेमके काय सांगितले ते मुळातून समजून घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांजवळ ते पाली शिकले. त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी पुढे ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊन त्यांना महाराष्ट्रात राहून लिहिण्याची सोय करून दिली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावून घेतले. १९१२ ते १९१८ या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मुंबईत परळला कामगारवस्तीत १९३७ साली उभा राहिलेला बहुजन विहार हेही त्यांच्याच धडपडीचे फळ.

आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडले, ही कथा आपण सर्वजण ऐकत आलो. धर्मानंदांनी जुने पाली ग्रंथ एकमेकांशी ताडून पाहिले आणि विचारले की, २९ वर्षांच्या राजपुत्राने तोपर्यंत म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे? त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील भांडणाचा धागा पुढे आणला. 'बोधिसत्त्व' नावाचे नाटकही त्यांनी त्यावर लिहिले. डॉ. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९५७) रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या तंट्याचे जे प्रकरण आहे ते आपण वाचलेच आहे. ज्या शास्त्यावर प्रेम करायचे त्याच्याविषयीची कथासुद्धा तपासून घ्यायची, ही त्या घराची रीत होती. आपण त्रिशरणाबरोबर धम्मवंदना म्हणतो, तिच्यात 'एहिपस्सिको' असा शब्द येतो. या आणि पाहा. माझा विश्वास आहे की मुलाने गणितात आयुष्यभर जे केले ते याच एका शब्दाचे काम होते.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. शालेय शिक्षणाचा आरंभ पुण्यात झाला. १९१८ साली वडिलांबरोबर ते आणि त्यांची थोरली बहीण माणिक अमेरिकेला गेले. तेथील केंब्रिज गावच्या शाळेत ते शिकले. मध्यंतरी भारतात येऊन पुन्हा गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन परतले. मायदेशी आल्यावर प्रथम बनारस हिंदू विश्वविद्यालय, नंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठ. अलीगढला गणित विभागाचे प्रमुख आंद्रे वेल हे पुढे जगप्रसिद्ध झालेले फ्रेंच गणिती होते. तेथून १९३३ च्या सुमारास कोसंबी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले, तेव्हा ते २७ वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले असतील.

फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली स्थापन झाले. गणित हा तेथील मानाचा विषय. गोपाळ कृष्ण गोखले तेथे गणित शिकवीत आणि त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक देशभर चालले. केंब्रिजच्या परीक्षेत १८९९ साली सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथे प्राचार्य होते. कोसंबी आले तेव्हा प्राचार्यपदी रँग्लर महाजनी होते. तेव्हा गणिताच्या प्राध्यापकाला मान होता यात शंका नाही. पण आपण हेही पाहिले पाहिजे की त्या काळच्या त्या वर्गांत आपल्या समाजाची मुले जवळजवळ नव्हती. गणित म्हणजे काही ठराविक घरांतील हुशार मुलांचा विषय, आपल्या डोक्यात तो शिरायचा नाही, ही समजूत तेव्हापासून चालत आली आणि दुर्दैवाने आपणही ती खरी मानली.

आता या प्राध्यापकाने काय केले ते पाहा. त्यांना संख्याशास्त्र शिकायचे होते. ते कोणी शिकविणारे जवळ नव्हते. मग त्यांनी ठरविले की प्रत्यक्षातला एखादा प्रश्न घ्यायचा आणि तो सोडवीत सोडवीत शास्त्र शिकायचे. अगदी आरंभी त्यांनी घेतलेल्या प्रश्नांपैकी एक कोणता होता? विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण! जे कागद प्रत्येक प्राध्यापकाच्या टेबलावर पडलेले असतात, तेच त्यांनी शास्त्राच्या तराजूत घातले. त्यांना असे आढळले की महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या साध्या परीक्षेतसुद्धा शिकविण्याचे माप एक आणि परीक्षेचे माप दुसरे, अशी स्थिती आहे. म्हणजे मुलगा नापास झाला तर दोष मुलाचाच, असे म्हणता येत नाही. मापच तपासावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांचा आज सत्कार झाला त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. पण जे या मांडवात मागे बसले आहेत, ज्यांना गणितात ३५ चा आकडा गाठता आला नाही, त्यांनी हे विशेष ऐकावे. गुणपत्रिका म्हणजे एका दिवशी एका मापाने केलेले मोजमाप. ते तुमच्या डोक्याचे वजन नव्हे. आणि हे एका गणिताच्या प्राध्यापकाने आकड्यांनिशी तपासलेले आहे.

दुसरा प्रश्न त्यांनी घेतला तो नाण्यांचा, आणि बँकेच्या माणसाला तो अधिक जवळचा. भगवान बुद्धांच्या काळात आणि नंतर मौर्यांच्या काळात चांदीची आहत नाणी चालत. पाली ग्रंथांत ज्यांना 'कहापण' म्हटले आहे तीच ही कार्षापणे. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, फक्त ठोकलेली चिन्हे आहेत. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे? पंडित चिन्हांच्या अर्थावरून वाद घालीत बसले होते. कोसंबींनी तराजू हातात घेतला.

त्यांचा विचार असा. नाणे हातोहाती फिरले की झिजते. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, काही फार फिरतात, काही कमी. म्हणून काळ जाईल तसे दोन बदल होतात. सरासरी वजन कमी होते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढतो. समजण्यासाठी एक हिशोब करू. समजा, टांकसाळीतून आलेली पाच नवी नाणी आहेत आणि प्रत्येकाचे वजन ३४ भार आहे. सरासरी ३४, फरक शून्य. तीच नाणी बरीच वर्षे बाजारात फिरून परत आली आणि त्यांची वजने ३४, ३३, ३२, ३१ आणि ३० भरली. बेरीज १६०, सरासरी ३२, आणि सर्वांत जड व सर्वांत हलक्या नाण्यातील फरक ४. आता कोणी तुमच्यापुढे या दोन थैल्या ठेवल्या आणि वर्ष सांगितले नाही, तरी कोणती थैली जास्त दिवस बाजारात फिरली हे सातवीतला मुलगाही सांगेल. हा झाला त्या शास्त्राचा गाभा. खऱ्या नाण्यांत अडचणी पुष्कळ असतात, नवे नाणेही अगदी नेमक्या वजनाचे नसते, म्हणून पाच नाण्यांवर भागत नाही, शेकडो आणि हजारो लागतात.

कोसंबींनी आजच्या चालू नाण्यांवर आधी हा नियम खरा ठरतो का ते पाहिले. ती एक-एक करून हजारोंनी तोलली. नंतर तक्षशिलेला भीर टेकडीच्या उत्खननात १९२४ साली सापडलेला ठेवा घेतला. त्यात हजाराहून अधिक आहत नाणी होती, आणि त्यांच्याबरोबर अलेक्झांडरची दोन व फिलिप अऱ्हिडियसचे एक अशी कोरी करकरीत ग्रीक नाणीही होती. म्हणजे हा ठेवा इसवी सनापूर्वी ३१७ च्या सुमारास पुरला गेला असला पाहिजे. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात, त्या सराफ-व्यापाऱ्यांनी नाणे पारखताना मारलेल्या. कोसंबींना दिसले की या खुणा जितक्या जास्त तितके नाण्याचे सरासरी वजन कमी. म्हणजे नाणे जितक्या वेळा पारखले गेले तितके ते जुने आणि झिजलेले. दोन हजार वर्षांपूर्वीचा कॅशिअर आपली नोंद ठेवून गेला होता, ती वाचणारा एक गणिताचा प्राध्यापक निघाला! १९४० पासून त्यांनी हे लेख प्रसिद्ध केले. मौर्यांच्या काळातील नाण्यांत तांबे वाढले आणि वजनाचा काटेकोरपणा सुटला, यावरून राज्याच्या तिजोरीवर ताण पडला असावा, असेही त्यांचे म्हणणे होते. त्यांनी लावलेल्या क्रमावर पुढे अभ्यासकांत वाद झाले. पण नाणी तोलून इतिहास विचारायचा ही वाट त्यांनी घालून दिली.

हे सांगताना बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तोही नाण्यांचा, चलनाचा आणि आकड्यांचाच ग्रंथ. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, जयंती करतो. पण त्यांनी रकानेच्या रकाने आकडे तपासून तो ग्रंथ लिहिला, हे मुलांना सांगत नाही. आकड्यांशी वैर धरणाऱ्या समाजाला बाबासाहेबांचा अर्धा विचार कळणारच नाही, असे मला नम्रपणे वाटते.

फर्ग्युसनमध्ये असतानाच कोसंबींनी आणखी दोन कामे केली. १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रावर एक लेख लिहिला. माहितीचा मोठा ढीग असेल तर त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग थोडक्यात कसा निवडावा, अशा स्वरूपाचे ते गणित आहे. ती पद्धत पुढे परदेशात दुसऱ्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि संगणकाच्या युगात फार उपयोगी पडली. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकतेवर एक लेख लिहिला, तो आपल्या शेतापर्यंत येऊन पोहोचला आहे. तो कसा ते थोडक्यात सांगतो.

पिकाचे किंवा प्राण्याचे गुण ठरविणारी जनुके एका माळेतील मण्यांसारखी असतात. दोन मणी जवळ असले तर ते पुढच्या पिढीत बहुधा बरोबर जातात, दूर असले तर त्यांची ताटातूट अधिक होते. किती वेळा ताटातूट झाली ते मोजून मण्यांमधील अंतर काढतात. पण यात एक गोम आहे. मणी लांब असतील तर मधली माळ दोनदा तुटून जुळते आणि ताटातूट झालीच नाही असे दिसते. म्हणून मोजलेला आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी भरतो. त्याची दुरुस्ती कशी करावी याचे सूत्र कोसंबींनी दिले. त्यांच्या सूत्राप्रमाणे ताटातूट १०० पैकी १० दिसली तर अंतर १०.१ धरायचे, म्हणजे फरक नाममात्र. पण ३० दिसली तर ३० न धरता सुमारे ३४.७ धरायचे. आज कापूस, ज्वारी, तांदूळ, गहू अशा पिकांवर काम करणारे शास्त्रज्ञ जगभर हे सूत्र वापरतात आणि त्याला कोसंबींचेच नाव आहे. लक्षात घ्या, ते जीवशास्त्राचे नव्हे, गणिताचे प्राध्यापक होते. गणित ज्याच्या हाती आले त्याला कोणत्याही शेताच्या बांधावर अडविता येत नाही.

१९४५ नंतर होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. १९६२ पर्यंत ते तेथे होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जा-ये करीत. सगळेच त्यांना साधले असे नाही. एका अतिशय कठीण गणिती प्रश्नाची त्यांनी दिलेली सिद्धता जाणकारांना मान्य झाली नाही. आणि त्यांच्या विचारांविषयी स्पष्ट सांगायचे तर ते मार्क्सवादी होते. वडिलांप्रमाणे त्यांनी धम्माचा प्रचार केला नाही. आपण त्यांना ओढून आपल्या पंक्तीत बसविण्याचे कारण नाही. परंतु बौद्ध इतिहासावर त्यांचे उपकार आहेत. विद्याकर या बौद्ध पंडिताने संकलित केलेल्या 'सुभाषितरत्नकोश' या संस्कृत संग्रहाचे त्यांनी वि. वि. गोखले यांच्यासह संपादन केले आणि तो १९५७ साली हार्वर्डहून प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५९ वर्षांचेही नव्हते. २००८ साली भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले.

उपासक मंडळींना मी मुद्दाम एक गोष्ट सांगू इच्छितो. कोसंबी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी हिंडत. कार्ले लेणीतील खांबांवरचे लेख त्यांनी लक्षपूर्वक पाहिले. दान कोणी दिले, ते कोठले, त्यांचा धंदा काय, हे प्रश्न त्यांनी विचारले. धेनुकाकट नावाच्या गावचे व्यापारी, यवन दाते, यांची नावे तेथे आहेत. यावरून आणि लेण्यांच्या जागांवरून त्यांनी दाखविले की ही लेणी जंगलात हरवलेली नव्हती. ती घाटांजवळ, व्यापाराच्या वाटांवर होती आणि संघाचा त्या काळच्या अर्थव्यवहाराशी जवळचा संबंध होता.

आता आपल्या कन्नड तालुक्याकडे या. गौताळ्याच्या डोंगरात आपले पितळखोरे आहे. अजिंठा आणि वेरूळला जगभरातून लोक येतात, पण पितळखोऱ्याची सर्वांत जुनी लेणी वेरूळच्याही आधीची, इसवी सनापूर्वीची आहेत. तेथील खांबांवर पैठणच्या लोकांची दाने कोरलेली आहेत. गांधिक कुळातील मितदेव, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. संघक नावाच्या माणसाचे पुत्र. राजवैद्य मगिलाच्या घरची माणसे. तेथे सापडलेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्या हातावर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. पैठण कोठे आणि पितळखोरे कोठे! एवढ्या दूरचा अत्तरवाला या डोंगरात दान का देतो? कारण खानदेशातून घाट चढून पैठणला जाणाऱ्या वाटेवर ही जागा होती. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आपण सहलीला जातो, फोटो काढतो, डबा खाऊन परत येतो. पुढच्या वेळी मुलांच्या हाती वही आणि मोजपट्टी द्या. चैत्यगृहाची लांबी किती, रुंदी किती, खांब किती उरले, किती पडले. भिंतीला हात न लावता मोजता येईल तेवढे मोजा आणि घरी येऊन आराखडा काढा. तो गणिताचा उत्तम तास होईल आणि ती वंदनाही होईल.

कोणी म्हणेल, कोसंबींना हार्वर्ड मिळाले, विद्वान बाप मिळाला, आमच्या पोरांना काय मिळाले? हे म्हणणे खोटे नाही. मी ते झाकून ठेवणार नाही. संधी सारखी नव्हती आणि आजही नाही. परंतु त्याच बाबतीत बाबासाहेबांनी काय केले ते आठवा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. ते नुसते कला शाखेचे काढले नाही. कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखा पहिल्यापासून ठेवल्या. आपली मुले विज्ञान आणि गणित शिकणार हे त्यांनी गृहीतच धरले होते. पुढे त्याला मिलिंद नाव दिले. मिलिंद कोण? नागसेन भदंतांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला, यात सर्व आले. त्या दारातून खेड्यापाड्यांतील हजारो मुले शिकून बाहेर पडली. तेव्हा दार नाही असे आपल्याला आता म्हणता येणार नाही. दारापर्यंत जाताना गणिताची जी भीती आडवी येते, ती काढण्याचे काम आपले आहे.

ही भीती किती महाग पडते ते सांगतो. हिशोब अगदी साधा आहे. एका शेतकऱ्याला ५०,००० रुपये एका वर्षासाठी हवेत. बँकेच्या पीककर्जाचा दर ७ टक्के, आणि मुदतीत फेड केली तर केंद्राची ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्के. वर्षाचे व्याज २,००० रुपये. राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळाली तर तेही आणखी कमी होते. आता गावातला खाजगी सावकार म्हणतो, "शेकडा तीन." कानाला तीन हे चारपेक्षा कमी वाटतात. पण ते शेकडा तीन महिन्याचे असतात! महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,०००. बँकेच्या नऊपट. चार आणि तीन या दोन आकड्यांत बैलाची जोडी जाते, मुलीचे शिक्षण जाते. येथे वरचे गणित लागत नाही. फक्त 'तीन टक्के कशाचे, महिन्याचे की वर्षाचे?' एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लागते. ही सवय म्हणजेच गणित. ती ज्याला आहे त्याला फसविणे कठीण आहे, मग फसविणारा सावकार असो, भोंदू बाबा असो, की आमच्या काउंटरवरचा एखादा घाईतला कर्मचारी असो.

मुलांच्या बाबतीतही तेच. दहावी झाली की आपली बहुसंख्य मुले गणिताला रामराम ठोकतात. कला शाखा वाईट नाही, मी स्वतः त्याच शाखेचा. पण पुढे बँकेची, रेल्वेची, पोलीस भरतीची, कोणतीही स्पर्धा परीक्षा द्या, तेथे अंकगणित वाट पाहत उभेच असते. पदवी कोणत्या शाखेची आहे हे ते विचारीत नाही. टक्केवारी, सरासरी, व्याज, प्रमाण, काळ-काम-वेग. सगळे आठवीपर्यंतचेच. ते पक्के असेल तर निम्मी लढाई जिंकली.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. आपल्या विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी गणिताचा वर्ग चालवावा. महागडी शिकवणी नको. एक फळा, खडू, एक जुना तराजू, काही नाणी, मोजपट्टी आणि बाजाराच्या पावत्या एवढे साहित्य पुरेल. मोठ्या वर्गातल्या मुलामुलींनी लहानांना शिकवावे. मुलींना अगोदर बसवावे, कारण घरातील कामामुळे त्यांचाच अभ्यास प्रथम बुडतो. आयाबायांनीही यावे आणि बचत गटाची वही मांडून दाखवावी, तेही गणितच आहे. पाठांतर करून घेऊ नये. प्रत्येक उत्तराला "कशावरून?" हा प्रश्न विचारावा. मुलाने गुरुजींना विचारला तर गुरुजींनी रागावू नये. रविवारच्या वर्गाला मी स्वतः येत जाईन. व्याजाचा हिशोब तरी मी नक्कीच शिकवू शकेन.

शेवटी एवढेच सांगतो. धर्मानंदांनी मुलाला संपत्ती दिली नाही. त्यांच्याजवळ ती नव्हतीच. वाचलेले तपासून पाहायचे, ऐकलेले ताडून पाहायचे आणि मगच मान्य करायचे, ही एक सवय त्या घरात होती. मुलाने तीच सवय नाण्यांना लावली, पिकांच्या जनुकांना लावली, परीक्षेच्या गुणांना लावली. कालाम लोकांना भगवंतांनी तरी दुसरे काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. अशी घरे पिशोरमध्ये तयार करणे आपल्या हातात आहे. त्याला हार्वर्ड लागत नाही. संध्याकाळी दिव्याखाली मुलाजवळ बसून "हे कशावरून रे बाळा?" असे विचारणारी आई किंवा बाप लागतो.

 सत्कार झालेल्या सर्व विद्यार्थ्यांना पुढील वाटचालीसाठी मंगल कामना करतो आणि माझे भाषण संपवितो.

नमो बुद्धाय. जयभीम.